कॉव्हेंट्रीचा सूड ब्रिटनने खरोखर घेतला का?

बडोद्यातील आपल्या मराठी अभ्यासवर्गातील एका विद्यार्थिनीने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. नोव्हेंबर १९४० मध्ये जर्मन विमानांनी कॉव्हेंट्री शहर उद्ध्वस्त केल्यावर ब्रिटनने सूड म्हणून जर्मन शहरांवर बॉम्बफेक सुरू केली, असे तिने वाचले आहे. ते खरे आहे का? लोकशाही देश असूनही ब्रिटनच्या संसदेत त्याला कोणी विरोध केला का? आणि शत्रूने आपले शहर जाळले असता त्याचे शहर न जाळणारे सरकार दुबळे ठरते का? युद्धेतिहास आणि युद्धविषयक कायदा हे दोन विषय मी दीर्घकाळ शिकवत आलो आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की या तीन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळी दिली तर ती चुकतात, म्हणून ती एकत्रच देतो.

माझे म्हणणे आधीच मांडतो. ब्रिटनने कॉव्हेंट्रीचा सूड घेतला, पण तो गुपचूप घेतला आणि तसे जाहीर करायचे नाही, असे ठरवून घेतला. पुढे १९४२ पासून जर्मन शहरे जाळण्याचे जे मोठे धोरण राबवले गेले, ते मुळात सुडातून जन्मलेले नव्हते, तरी जनतेसमोर त्याला सुडाच्याच भाषेचा आधार मिळाला. सूड घेतला तेव्हा तो लपवला गेला आणि धोरण वेगळे होते तेव्हा सुडाचे भाषण झाले. या उलटापालटीमुळे संसदेत ज्या गोष्टीवर वाद व्हायला हवा होता, तिच्यावर तो पुरेसा झालाच नाही.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. शत्रूने युद्धाचा नियम मोडला म्हणून, त्याला नियमावर परत आणण्यासाठी, आपणही तेवढ्यापुरता नियम मोडणे, म्हणजे कायद्याच्या भाषेत 'प्रतिकार', हे त्या काळच्या आंतरराष्ट्रीय प्रथेला मान्य होते. मात्र त्याला अटी होत्या. दुसरा उपाय उरलेला नसावा, कृती मूळ अपराधाच्या प्रमाणात असावी, निर्णय सर्वोच्च पातळीवर व्हावा आणि शत्रू नियमावर परत येताच ती थांबावी. सूड ही वेगळी गोष्ट आहे. तिला शत्रूचे वर्तन बदलण्याशी कर्तव्य नसते, केवळ त्याला यातना देण्याशी असते. लष्करी उद्दिष्टासाठी केलेला हल्ला ही तिसरी गोष्ट. हवाई बॉम्बफेकीसाठी १९२३ साली हेग येथे नियमांचा मसुदा तयार झाला होता, पण कोणत्याही राष्ट्राने तो तहाच्या रूपात स्वीकारला नाही. त्यामुळे १९४० मध्ये दोन्ही बाजूंकडे बंधनकारक असे फारच थोडे होते. तत्कालीन पंतप्रधान चेंबरलेन यांनी जून १९३८ मध्ये कॉमन्स सभागृहात सांगितलेली तत्त्वे होती : नागरिकांवर जाणूनबुजून हल्ला करू नये, लक्ष्य लष्करी आणि ओळखता येण्याजोगे असावे, आणि हल्ल्यात शेजारच्या वस्तीला निष्काळजीपणाने इजा होऊ नये.

आता घटनाक्रम. १९४० च्या उन्हाळ्यातील प्रत्येक हल्ल्याला कोणीतरी 'प्रत्युत्तर' म्हटले आहे, आणि म्हणूनच हा शब्द ऐकताच सावध व्हावे असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. १० मे १९४० रोजी जर्मनीतील फ्रायबुर्ग शहरावर बॉम्ब पडून ५७ माणसे मेली. ती विमाने जर्मनीचीच होती. ती वाट चुकली होती. पण जर्मन प्रचारयंत्रणेने तो शत्रूचा हल्ला ठरवला आणि पुढे आपल्या हल्ल्यांचे समर्थन म्हणून तो वापरला. १४ मे रोजी जर्मन बॉम्बफेकीत हॉलंडमधील रॉटरडॅम जळाले आणि दुसऱ्याच दिवशी ब्रिटिश युद्धमंत्रिमंडळाने ऱ्हाइन नदीच्या पूर्वेकडील औद्योगिक लक्ष्यांवर हल्ल्यांना परवानगी दिली. ऑगस्टच्या अखेरीस लंडनवर बॉम्ब पडले, त्याच्या पुढच्या रात्री ब्रिटिश विमाने बर्लिनवर गेली, ४ सप्टेंबरला हिटलरने भाषणात ब्रिटिश शहरे पुसून टाकण्याची धमकी दिली आणि ७ सप्टेंबरपासून लंडनवरील सततचे हल्ले सुरू झाले. ही साखळी पाठ्यपुस्तकांना आवडते, कारण ती सोपी आहे. प्रत्यक्षात लंडनकडे वळण्यामागे जर्मन हवाई दलाची स्वतःची लष्करी गणितेही होती. उरलेली ब्रिटिश लढाऊ विमाने राजधानीच्या रक्षणासाठी वर येतील आणि तेथे ती संपवता येतील, हे त्यांपैकी एक होते.

कॉव्हेंट्रीवरील हल्ला १४ नोव्हेंबरच्या रात्री झाला. जर्मनीने तोही बदला म्हणूनच जाहीर केला. त्याच्या आधी ८ नोव्हेंबरला, १९२३ साली म्युनिकमध्ये झालेल्या नाझी उठावाच्या स्मृतिदिनी, ब्रिटिश विमानांनी म्युनिकवर बॉम्ब टाकले होते. १४ नोव्हेंबरची ती रात्र चांदणी होती. रेडिओच्या शलाकांवरून मार्ग काढणाऱ्या निवडक विमानांनी आधी आगबॉम्ब टाकून शहर उजळले, आणि मग जवळजवळ साडेचारशे विमानांनी अनेक तास सुमारे पाचशे टन स्फोटक बॉम्ब टाकले. साडेपाचशेहून अधिक माणसे मरण पावली आणि मध्ययुगीन सेंट मायकेल कॅथीड्रलच्या केवळ भिंती व मनोरा उरला. कॉव्हेंट्री हे विमानांची इंजिने, मोटारी आणि यंत्रसामग्री बनवणारे शहर होते, आणि त्यातील अनेक कारखाने घरांच्या रांगांना चिकटून उभे होते. चर्चिल यांना हल्ल्याची आधीच कल्पना होती आणि गुप्त संकेतवाचन उघड होऊ नये म्हणून त्यांनी शहराचा बळी दिला, ही कथा अजून फिरते. ती खरी नाही. मोठा हल्ला होणार एवढे कळले होते, पण चर्चिल त्या संध्याकाळी लक्ष्य लंडन असल्याच्या समजुतीत होते.

त्यानंतर 'आमचे सरकार काय करते आहे' हा प्रश्न वृत्तपत्रांत आणि सभागृहाच्या आवारात उठला. तो नवा नव्हता. ऑक्टोबरमध्ये एका खासदाराने कॉमन्सच्या धूम्रपानकक्षात चर्चिल यांच्याकडे तीच मागणी केली होती. खासदार हॅरॉल्ड निकल्सन यांच्या रोजनिशीप्रमाणे चर्चिल यांनी त्याला असे उत्तर दिले, की हे सैन्यांचे युद्ध आहे, बायकामुले मारण्याची इच्छा इतरांना असेल, आपल्याला शत्रूची लष्करी लक्ष्ये नष्ट करायची आहेत, आणि आधी काम व मग मौज हा आपला नियम आहे.

डिसेंबरमध्ये मात्र युद्धमंत्रिमंडळाने मान्यता दिली. १६ डिसेंबरच्या रात्री १३४ विमाने जर्मनीतील मॅनहाइम शहरावर पाठवण्यात आली. ब्रिटिश हवाई दलाने तोवर एका रात्रीत एका शहरावर पाठवलेला हा सर्वांत मोठा ताफा होता, आणि या वेळी लक्ष्य एखादा कारखाना नसून शहराचा मध्यभाग होता. पद्धतही कॉव्हेंट्रीचीच उचलली होती. अनुभवी वैमानिकांच्या आठ विमानांनी आधी आगबॉम्ब टाकायचे आणि मागून येणाऱ्यांनी त्या आगीवर नेम धरायचा. प्रत्यक्षात पहिल्या आगी भलत्याच ठिकाणी लागल्या, बॉम्ब इतस्ततः पडले आणि शहरात ३४ माणसे मेली. माझ्या दृष्टीने या हल्ल्यापेक्षाही महत्त्वाचा आहे तो मंत्रिमंडळाने त्यासोबत केलेला ठराव : हा हल्ला कॉव्हेंट्री वगैरेंच्या बदल्यात आहे, असे आधी जाहीर करू नये आणि नंतरही त्याला खास प्रसिद्धी देऊ नये. ज्या कृतीचा हेतू शत्रूला 'तुम्ही हे थांबवा, नाहीतर' असे सांगण्याचा असतो, ती कृती मुकाट्याने करून भागत नाही. मॅनहाइम म्हणजे कायद्यातील प्रतिकार नव्हता, कारण त्यातून शत्रूला कोणतीही मागणी केलेली नव्हती. आणि लष्करी कारवाई म्हणूनही त्याचे फलित जवळपास शून्य होते. सरकारच्या मनातील दडपण हलके करण्यापलीकडे त्यातून काय साधले, हे मला आजवर कोणत्याही कागदात सापडलेले नाही.

ते दडपण खरोखर कोणाचे होते, हाही प्रश्न विचारला पाहिजे. १९४१ च्या वसंतात गॅलप संस्थेने, जर्मन नागरी वस्तीवर बदल्याची बॉम्बफेक करावी का, असे लोकांना विचारले. ज्या लंडनने महिनोन्महिने रात्री तळघरांत काढल्या होत्या, तेथे मते जवळजवळ निम्मी-निम्मी विभागली गेली. उत्तरेकडील ज्या ग्रामीण जिल्ह्यांवर फारसे काही पडलेच नव्हते, तेथे सुमारे चारांतील तिघांना बदला हवा होता. कॉव्हेंट्रीच्या कॅथीड्रलचे प्रमुख रिचर्ड हॉवर्ड यांनी हल्ल्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, नाताळच्या दिवशी, त्या भग्नावशेषांतून रेडिओवर भाषण केले आणि कितीही अवघड असले तरी सुडाचा विचार मनातून काढण्याचा आपण प्रयत्न करीत आहोत, असे सांगितले. ज्यांनी भोगले ते सगळे क्षमाशील होते, असा याचा अर्थ नाही. लंडनमध्येही अर्ध्या लोकांना सूड हवाच होता. पण 'जनतेची मागणी आहे' असे नेते म्हणतात तेव्हा ती कोठल्या जनतेची, हे तपासण्यासाठी याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. कारण अवघ्या काही महिन्यांनी, १४ जुलै १९४१ रोजी, लंडनमधील भाषणात चर्चिल यांनी असे सांगितले, की शहरांवरील बॉम्बफेक थांबवण्याचा करार करायचा का असे आज लंडनकरांना विचारले तर बहुसंख्य लोक 'नाही' म्हणतील, आणि जर्मनांनी दिले त्या मापाने, किंबहुना त्याहून मोठ्या मापाने, त्यांना परत देऊ असे सांगतील.

हे भाषण झाले त्या वेळी हवाई दलाच्या हाती ते माप नव्हते. ऑगस्ट १९४१ मध्ये मंत्रिमंडळ सचिवालयातील बट यांनी रात्रीच्या हल्ल्यांत काढलेली छायाचित्रे तपासून अहवाल दिला. लक्ष्यावर बॉम्ब टाकल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी सरासरी तिघांत एकच लक्ष्याच्या पाच मैलांच्या आत पोहोचले होते. धुराने झाकलेल्या रुर खोऱ्यात दहांत एक. शहरे जाळण्याच्या धोरणाचे मूळ मला येथे दिसते. अंधारात कारखाना सापडत नाही, शहर मात्र सापडते. हल्ल्यांत कायम दिसणारी ही मर्यादा मग उद्दिष्ट बनली, आणि १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशात शत्रूच्या नागरी लोकसंख्येचे, विशेषतः औद्योगिक कामगारांचे, मनोधैर्य हे बॉम्बर कमांडचे, म्हणजे ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाचे, मुख्य लक्ष्य ठरवण्यात आले. आठच दिवसांनी आर्थर हॅरिस यांनी कमांडची सूत्रे घेतली. मार्चअखेर या विमानांनी जर्मनीतील ल्यूबेक जाळले, त्याच्या बदल्यात हिटलरने एक्झिटर, बाथ, नॉरिच, यॉर्क, कँटरबरी अशी जुनी, सुंदर शहरे निवडून हल्ले करवले, पुढे कोलोनवर एका रात्रीत हजार विमाने गेली आणि जुलै १९४३ मध्ये हँबुर्गच्या अग्निवादळात तीस हजारांहून अधिक माणसे संपली. या आदेशात कॉव्हेंट्रीच्या बदल्याचा उल्लेख नाही. सुडाचे प्रकरण आदेशात नव्हते, ते भाषणांत होते.

संसदेतील विरोधाकडे वळतो. विरोध झाला, आणि तो सोपा नव्हता. मजूर पक्षाचे खासदार रिचर्ड स्टोक्स हे पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढलेले, शौर्यपदक मिळवलेले गृहस्थ होते. त्यांना कोणी भेकड म्हणू शकत नव्हते. ते पुन्हा पुन्हा एकच गोष्ट विचारत राहिले : बॉम्बर कमांडला ठरावीक लक्ष्याऐवजी मोठ्या क्षेत्रावर बॉम्ब टाकण्याचे आदेश दिले आहेत का? हवाईमंत्री आर्चिबाल्ड सिंक्लेअर यांचे उत्तरही ठरलेले असे, की लक्ष्ये लष्करीच असतात. १४ फेब्रुवारीचा आदेश शेजारी ठेवून ही उत्तरे वाचली की मन विषण्ण होते. हॅरिस यांनी स्वतः ऑक्टोबर १९४३ मध्ये हवाई मंत्रालयाकडे आग्रह धरला होता, की जर्मन शहरांचा नाश आणि कामगारांचा संहार हेच आपले ध्येय असल्याचे सरकारने जनतेला स्पष्ट सांगावे. हॅरिस यांच्या युद्धनीतीशी माझे मतभेद टोकाचे आहेत, पण या एका मागणीत ते मंत्र्यांपेक्षा अधिक प्रामाणिक होते, असे मी वर्गात नेहमी सांगतो.

लॉर्ड्स सभागृहात ९ फेब्रुवारी १९४४ रोजी चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल बोलले. हिटलरच्या जर्मन विरोधकांशी त्यांचे जुने संबंध होते आणि नाझींविषयी त्यांना काडीचीही सहानुभूती नव्हती. वॉर्सा, रॉटरडॅम, लंडन आणि कॉव्हेंट्रीवरील हल्ल्यांचा त्यांनी भाषणात निषेध केला, वैमानिकांना दोष दिला नाही आणि युद्धउद्योगांवरील हल्ल्यांनाही विरोध केला नाही. त्यांचा आक्षेप एवढाच होता, की साऱ्या शहराला लक्ष्य मानले की साधन आणि साध्य यांचे प्रमाणच उरत नाही. सरकारतर्फे लॉर्ड क्रॅनबोर्न यांनी, निव्वळ दहशतीसाठी हल्ले होत नाहीत, असे उत्तर दिले. बेल यांचे भाषण सुडाविरुद्धचे भाषण म्हणून उद्धृत केले जाते, पण बारकाईने वाचल्यास ते त्याहून कठीण मागणी करते : तुमचे धोरण काय आहे ते सांगा, म्हणजे त्यावर बोलता येईल.

आता तिसरा प्रश्न, दुबळेपणाचा. त्याला मी तत्त्वाने नव्हे, दोन निर्णयांच्या आधारे उत्तर देतो. चेक प्रदेशावरील नाझी सत्ताधीश हायड्रिख याच्या हत्येनंतर जून १९४२ मध्ये नाझींनी चेक गाव लिडित्से नष्ट केले, तेव्हा चर्चिल यांनी एका गावाच्या बदल्यात तीन जर्मन गावे विमानांनी नष्ट करावीत, असे मंत्रिमंडळात सुचवले. सहकारी मंत्र्यांपैकी बेव्हिन यांचा कल त्यांच्या बाजूने होता. ॲटली यांनी क्रौर्यात जर्मनांशी स्पर्धा करावी का, अशी शंका काढली, मॉरिसन यांनी उद्या एखाद्या इंग्रज गावावर हीच पाळी येईल असे बजावले, आणि सिंक्लेअर यांनी विमाने लष्करी कामातून काढावी लागतील हे दाखवले. चर्चिल यांनी मनाविरुद्ध माघार घेतली. त्या मंत्रिमंडळाला दुबळे म्हणणारा इतिहासकार मला भेटलेला नाही.

दुसरा निर्णय उडत्या बॉम्बचा. १३ जून १९४४ पासून वैमानिकरहित व्ही-१ बॉम्ब लंडनवर पडू लागले. जर्मन छोट्या शहरांची यादी जाहीर करून ती एकेक नष्ट करण्याची धमकी द्यावी, असा विचार जुलैच्या सुरुवातीला पुढे आला. चर्चिल यांनी विषारी वायूचाही अभ्यास करायला सांगितले. हवाई दलप्रमुख पोर्टल यांनी विरोध करताना सांगितले, की अशी धमकी म्हणजे शत्रूचे अस्त्र यशस्वी होत असल्याचा पुरावाच त्याला देणे होईल आणि तिच्यामुळे तो बेत बदलण्याची शक्यता नाही. सेनाप्रमुखांनी वायूचा प्रस्तावही नाकारला. त्याऐवजी विमानवेधी तोफांची संपूर्ण रांग लंडनभोवतून उचलून समुद्रकिनाऱ्यावर नेली गेली, रडारला जोडलेली नेमयंत्रे आणि लक्ष्याजवळ आपोआप फुटणारे तोफगोळे आले, आणि ऑगस्टच्या अखेरीस एका दिवशी आलेल्या नव्वदीहून अधिक बॉम्बपैकी केवळ चार लंडनपर्यंत पोहोचले. लंडनकरांचे प्राण या स्थलांतराने वाचले. जनतेच्या संतापाला शांत करणारे त्यात काहीच नव्हते, म्हणून ते भाषणांत फारसे येत नाही.

यानंतरच्या व्ही-२ या अग्निबाणाला वाटेत अडवणे शक्य नव्हते, आणि येथे आपल्या शहराचे नाव येते. ब्रिटिश हवाई दलाचे १२४ क्रमांकाचे स्क्वॉड्रन बडोदे संस्थानाच्या देणगीवरून 'बडोदा स्क्वॉड्रन' म्हणून ओळखले जात असे. फेब्रुवारी १९४५ पासून त्याची स्पिटफायर विमाने हॉलंडमधील व्ही-२ च्या प्रक्षेपणस्थळांवर सूर मारून बॉम्ब टाकीत होती. लहान विमाने आणि ठरावीक लक्ष्य असा हा प्रकार होता, आणि शत्रूच्या शहराऐवजी त्याच्या हातातील शस्त्रावर घाव घालणे हेच मला योग्य प्रत्युत्तर वाटते. पण त्याचीही मर्यादा लपवू नये. ३ मार्च रोजी दुसऱ्या तुकड्यांची मध्यम बॉम्बर विमाने हेग शहरालगतच्या वनराईतील स्थळांवर गेली असता चुकीच्या नकाशानिर्देशांमुळे त्यांचे बॉम्ब बेझॉइडनहाउट या वस्तीवर पडले आणि पाचशेहून अधिक डच नागरिक, म्हणजे ज्यांची मुक्तता करायची होती तीच माणसे, मारली गेली.

त्याच आठवड्यात, ६ मार्चला, स्टोक्स यांनी ड्रेस्डेन या जर्मन शहराचा विषय कॉमन्समध्ये काढला. तेथे फेब्रुवारीतील बॉम्बफेकीत सुमारे २५,००० माणसे मेली होती. २८ मार्चच्या टिपणात खुद्द चर्चिल यांनी लिहिले, की इतर निमित्ते सांगून केवळ दहशत वाढवण्यासाठी होणाऱ्या शहरांवरील बॉम्बफेकीचा फेरविचार करण्याची वेळ आली आहे. पोर्टल यांनी हरकत घेतल्यावर ते टिपण मागे घेऊन १ एप्रिलला सौम्य शब्दांत पुन्हा लिहिले गेले. आज कायदा तेव्हापेक्षा स्पष्ट आहे. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलने नागरिकांवर बदल्याचे हल्ले करण्यास मनाई केली. ब्रिटनने १९९८ मध्ये त्याला मान्यता देताना नेमक्या याच बाबतीत आपला हक्क काही अटींवर राखून ठेवला, आणि भारत त्या प्रोटोकॉलचा पक्ष नाही.

निबंध लिहिण्याआधी विद्यार्थिनीने बेल यांचे भाषण आणि क्रॅनबोर्न यांचे उत्तर पूर्ण वाचावे. संसदेचे शब्दशः वृत्त आता घरबसल्या मिळते. सोबत १४ फेब्रुवारी १९४२ च्या आदेशाचा मजकूर ठेवावा, आणि सरकारच्या प्रत्येक वाक्यासमोर त्या आदेशातील कोणते वाक्य येते ते समासात लिहीत जावे.